फ्लॉरेन्सात पायपीट

मिरजकर तिकटीवरून महाद्वारापर्यंत जायचं तरी मोटारसायकलला किक मारणारा कोल्हापूरकर युरोपात उतरला की एकदम पदयात्री होतो. फ्लॉरेन्सात तर सहकुटुंब: पुढे मोबाईलवर नकाशा धरलेले बाबा, मागे धपाट्यांची पिशवी सांभाळणारी आई, आणि बुटानं टाच सोलली म्हणून कुरकुरणारी पोरं. उफिझीच्या रांगेत दीड तास, बिनतक्रार. (अंबाबाईच्या रांगेत मात्र आधी ओळखीचा माणूस शोधायचा.)

त्याच गावात आर्नो नदीच्या काठी, काशीने बागेच्या पार टोकाला, आपल्या राजाराम महाराजांची छत्री आहे. विशीतला हा राजा विलायतेहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथं वारला. दहनही तिथंच, दोन नद्यांच्या संगमावर. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँटचा, म्हणजे आपल्या नव्या राजवाड्याचा तोच. शेजारच्या पुलाला इटालियन लोकांनी या 'इंडियानो'चंच नाव दिलं. आणि आपली मंडळी?

"लई लांब पडतंय, भावा. आन् तिथं बघायचं काय, आपलाच माणूस की!"