ब्रासवाले तात्या

पुणतांब्यात कुणाच्या दारात मुरमाचा डंपर लागला, की ढिगापासून चार हातांवर एक गृहस्थ पाठीमागे हात बांधून उभे असलेले दिसतात. ते घरमालक नसतात, गवंडी नसतात, गाडीवाल्याचे पाहुणेही नसतात. त्यांना कुणी बोलावलेलं असतंच असं नाही. हौदा वर उचलल्याचा आवाज तीन गल्ल्यांवरून ऐकू येतो आणि हातातला चहा टाकून ते हजर होतात. यांना तात्या म्हणायचं. काही गल्ल्यांत आण्णा म्हणतात, काहींत बापू. पण सदऱ्याच्या खिशातली पाच मीटरची टेप सगळीकडे तीच.

तात्यांचं खरं गिऱ्हाईक म्हणजे पुण्याला नोकरी करून गावात बंगला बांधणारा पोरगा. तो फोनवरून फर्मावतो, “एक गाडी मुरूम पाठवा.” तात्या तिथंच असतात. “गाडी म्हंजी? बैलगाडी का मालगाडी? आपलं जंक्शन हाये बाबा, शिर्डीचा फाटा हितूनच फुटतो. नीट सांग, न्हायतर वॅगन येऊन उभी ऱ्हायची.” मग अंगणाचं माप निघतं. चाळीस फूट लांब, वीस फूट रुंद, थर अर्धा फूट. चारशे घनफूट झाले, म्हणजे चार ब्रास. पोरगा मोबाइलवर हिशोब जुळवतो तोवर तात्या पुढं गेलेले असतात : “रोलर फिरला की मुरूम दबतो. पाव हिस्सा वर धर. पाच ब्रास सांग.”

शंभर घनफुटांचा एक ब्रास, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण तात्यांच्या मते ब्रास तीन प्रकारचे : क्रशरवरचा, रस्त्यावरचा आणि अंगणातला. क्रशरवर माल शीग लावून भरतात. वाटेत खड्ड्यांनी ती शीग खाली बसते. दारात आल्यावर गाडीवाला म्हणतो, “तात्या, माल बसला.” तात्या विचारतात, “बसला का मधीच उतरला?” आणि टेप काढून हौद्यात चढतात. लांबी, रुंदी, मग कोपऱ्यात टेप उभी खुपसून खोली. हौद्याच्या तळाला जाड पत्रा ठोकलेला असला तर तोही वजा. हे सगळं माल ओतायच्या आधी. एकदा ढीग झाला की कुणीही काहीही सांगावं.

घासाघीस फसली तर तात्यांचं शेवटचं हत्यार बाहेर येतं. “1 जून 2017 ला शेतकऱ्यांचा संप कुठून सुरू झाला, ठाऊक हाये ना? सरकारला थांबवलं ह्या गावानं, तुझा डंपर काय घेऊन बसलास!” एका ट्रिपच्या मुरमासाठी एवढा इतिहास ऐकून घ्यावा लागला, की गाडीवाला दोनशे रुपये सोडतो.

मालाची परीक्षा हा मात्र बघण्यासारखा सोहळा. तात्या ढिगाच्या वरचा मुरूम कधीच घेत नाहीत. पायानं उकरून आतला मूठभर काढतात. घरातून तांब्या मागवतात, चार थेंब शिंपडतात आणि मूठ आवळून गोळा करतात. तो कमरेच्या उंचीवरून सोडायचा. दोन-तीन ढेकळं झाली तर पास. भुगा झाला तर “नुसता दगुड हाये, बसायचा न्हाई.” आणि गोळा झालाच, पण तळवा चिकट राखी झाला, तर तात्या तो तळवा गाडीवाल्याच्या नाकासमोर धरतात. “ही माती मला वावरात बी हाये की. पैसे कशाचे?”

गंमत अशी, की या बाबतीत त्यांचं सहसा चुकत नाही. गोदाकाठची ही काळी जमीन उसाला सोनं, बांधकामाला वैरी. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर नुसती खडी टाकली, तर दोन पावसाळ्यांत ती पोटात घेते. म्हणून आधी फूटभर काळी काढायची, मग डबराचं सोलिंग, त्यावर मुरूम, पाणी, रोलर, आणि खडी किंवा कच सगळ्यात वर. काढलेली काळी फेकायची नाही, परसात झाडांना घालायची. पुण्याच्या पोरानं कुंपणाची भिंत थेट काळीवर उभी करायचं काढलं, तेव्हा तात्या म्हणाले, “ज्ञानेश्वर माऊलींनी भिंत चालवली ती चांगदेवांसाठी. चांगदेवांची समाधी आपल्या गावात हाये म्हणून तुझी बी चालवायची का? ती आपली आपण चालंल.” त्याच दमात मुरमाकडे वळून : “चांगदेव चौदाशे वर्सं जगले म्हणत्यात. ह्यो चौदा दिस टिकंना.”

वाळूवर तात्यांना छेडू नये. 2023 साली सरकारनं सहाशे रुपये ब्रासनं वाळू द्यायचं ठरवलं आणि पहिला डेपो शेजारच्याच श्रीरामपूर तालुक्यात, नायगावला निघाला. वाहतूक मात्र ज्याची त्यानं करायची. तात्यांनी त्यावर एवढंच म्हटलं, “वाळू सहाशेची, भाडं सोन्याचं.” तेव्हापासून ते क्रशसँडचे झाले. तिची परीक्षा काचेच्या ग्लासात. वाळू, पाणी, हलवायचं, ठेवायचं. वर गढूळ थर किती बसतो ते बघायचं. त्यांच्यापायी गावात कितीतरी घरांचे पाहुण्यांचे ग्लास ओरखडलेत.

एवढं सगळं करून तात्यांच्या स्वतःच्या अंगणात मुरमाचा खडा नाही. काकूंचा तसा हुकूम आहे. कुरडया-पापड वाळत घालायला शेणानं सारवलेलं अंगणच लागतं, आणि खडे पायाला टोचतात. टेप तिथं चालत नाही.

तात्यांचा जाच होतो हे खरं. तासाभराचं काम अर्धा दिवस खातं, गाडीवाले त्यांना पाहून हॉर्न न वाजवता गल्लीत शिरतात. तरी माझं मत त्यांच्याच बाजूचं आहे. तेव्हा मंडळी, अंगण करायचं असेल तर मार्च ते मे एवढाच मोका धरा. त्याआधी ट्रॉल्या उसाला जुंपून कारखान्याच्या रांगेत असतात, त्यानंतर डंपर काळीत रुततो. वाहतुकीचा पास मागा, हौदा भरलेला असतानाच मोजा, माल ओतल्याशिवाय पैसे देऊ नका. तात्यांना निरोप धाडायची गरज नाही. चहात साखर तेवढी कमी टाका, त्यांना शुगर आहे.