काम कुणाच्या राशीला?

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना आम्ही पाठीमागे षोडशोपचारे म्हणतो. गणपतीच्या पूजेचे उपचार सोळा आणि यांच्याकडे माणसांचे प्रकारही सोळाच. सतराव्या प्रकारचा माणूस जगात असू शकतो, हे त्यांना मान्य नाही. आमचा वॉचमन कधी जागा असतो, कधी झोपलेला. त्यालाही त्यांनी दोन्ही अवस्थांसकट एका खान्यात बसवला आहे.

सेक्रेटरींची नोकरी चाकणच्या एका कारखान्यात, मनुष्यबळ खात्यात. कंपनीनं त्यांना लोणावळ्याला तीन दिवसांच्या कार्यशाळेला पाठवलं. लोक लोणावळ्याहून चिक्की आणतात, यांनी चार अक्षरं आणली. तुम्ही चारचौघांत खुलता की एकटे असताना, डोळ्यांना दिसेल तेवढंच मानता की पुढचे अंदाज बांधता, निर्णय डोक्यानं घेता की मनानं, आणि कामं आधी ठरवून करता की ऐनवेळी. प्रत्येक प्रश्नाचं एक अक्षर, चार अक्षरांचा एक माणूस. झाली जगाची खानेसुमारी. नाव ‘एमबीटीआय’. तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसाला ते ‘जेवण झालं का’ असं विचारत नाहीत. ‘रविवारी माणसांत जाता की घरी बसता?’ असं विचारतात आणि चौथा मजला येईपर्यंत त्याचा निकाल लावतात.

कारखान्यात या विद्येला फार वाव मिळाला नाही. एकांतप्रिय कामगारांना रात्रपाळी द्यावी, असा प्रस्ताव त्यांनी मांडला तेव्हा युनियनच्या माणसानं शांतपणे विचारलं, ‘साहेब, एकांताचा ओव्हरटाइम दुप्पट दरानंच मिळेल ना?’ घरी तर त्याहून कमी वाव. स्वतःच्या स्वभावाला रोजची किरकोळ कामं झेपत नाहीत, हे त्यांनी तक्ता दाखवून बायकोला पटवायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, ‘अहो, तुमचा प्रकार कुठलाही असू दे, गिरणी आठला बंद होते.’ ते दळणाचा डबा घेऊन निघाले.

उरली सोसायटी. आणि सोसायटीत गणपती.

त्या वर्षी आषाढातच पार्किंगमध्ये बैठक बोलावली गेली. आजवरची कामवाटपाची आमची पद्धत सोपी होती. जो बैठकीला येणार नाही, त्याच्या गळ्यात काम. यामुळे उपस्थिती चांगली असे. सेक्रेटरी म्हणाले, ही पद्धत अशास्त्रीय आहे. यापुढे स्वभाव पाहून कामं. मूळ चाचणीत ९३ प्रश्न असतात. आमच्यासाठी त्यांनी त्यांचे चाळीस केले, कारण झेरॉक्सचा खर्च सोसायटीच्या खात्यातून होणार होता आणि खजिनदार समोर बसले होते.

एरवी पत्रिकेचा विषय निघाला की सेक्रेटरी भडकतात. ‘या काळात नाडी कसली बघता!’ हिशेब केला तर पंचांगवाल्यांचं दुकान मोठं आहे. बारा राशी, सत्तावीस नक्षत्रं, तीन गण, तीन नाड्या, आणि गुण ३६; त्यातले आठ एकट्या नाडीचे. शिवाय नाडी एक निघाली तर गुरुजी शांत तरी सुचवतात. षोडशोपचाऱ्यांच्या शास्त्रात शांत नाही. एकदा तुम्ही ‘आयएसएफजे’ लागलात की दहाही दिवस प्रसादाची भांडी तुमची.

निकाल लागला. सी विंगमधले, बँकेतून निवृत्त झालेले काका ‘आयएसटीजे’ निघाले. त्यांना हिशेब दिला. ते गेली कित्येक वर्षं हिशेबच पाहत होते, पण आता ते शास्त्रानुसार पाहू लागले. सेक्रेटरींना स्वतःच्या विद्येचा हा मोठाच पुरावा वाटला. स्वतः ते ‘ईएनटीजे’, म्हणजे सेनापती. सेनापतीनं कामं करायची नसतात, वाटायची असतात.

३०२ च्या वहिनी ‘मनानं निर्णय घेणाऱ्या’ निघाल्या. योगायोग असा की, समितीतल्या सगळ्याच बायका मनानं निर्णय घेणाऱ्या आणि सगळे पुरुष डोक्यानं घेणारे निघाले. त्यामुळे प्रसाद, रांगोळी आणि बैठकीचं इतिवृत्त इकडे; मांडव, परवानग्या आणि भाषणं तिकडे. आता ३०२ च्या वहिनी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहेत. इमारतींचे स्तंभ उभे राहतील की नाही हे त्या ठरवतात आणि ते उभे राहतात. मांडव मात्र मिळाला जाहिरातींच्या ओळी लिहिणाऱ्या एका तरुणाला, कारण त्याच्यात दूरदृष्टी निघाली. वहिनींनी एवढंच विचारलं, ‘ताडपत्रीला उतार कुणाच्या भावनेनं देणार?’ सेक्रेटरी म्हणाले, हा प्रश्न तुमच्या प्रकाराला शोभत नाही. तिसऱ्या दिवशी पाऊस आला. दूरदृष्टीच्या तरुणाला पुढच्या पाच वर्षांचे देखावे दिसत होते, डोक्यावर पोट धरलेली ताडपत्री दिसली नाही. आरतीच्या ऐन मध्यात ती फुटली.

वर्गणीची गोष्ट याहून सरस. आजवर वर्गणी मागायला ए विंगमधला एक अबोल मुलगा जायचा. तो बेल वाजवून पावतीपुस्तक हातात धरून उभा राहायचा आणि काहीच बोलायचा नाही. ती शांतता सहन न होऊन लोक पाचशेचे हजार करायचे. नव्या व्यवस्थेत तो एकांतप्रिय ठरला, म्हणून त्याला पावत्यांवर शिक्के मारायला बसवलं आणि वर्गणीला बी विंगमधले एक बोलके गृहस्थ नेमले. या गृहस्थांनी दहा दिवसांत बारा घरं केली. प्रत्येक घरी चहा झाला, दोन ठिकाणी पोहे झाले, एका ठिकाणी मुलीचं स्थळ पाहून झालं. कुणाच्या घरात काय चाललंय याची इत्थंभूत माहिती जमली. वर्गणी तेवढी राहिली.

मी एकदा सेक्रेटरींना छेडलं. म्हटलं, मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगनं १९२१ साली स्वभावाचे प्रकार मांडले खरे, पण त्यावरून ही चाचणी बनवली ती कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स या अमेरिकन मायलेकींनी. दोघींपैकी एकीचंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण नव्हतं. लेकीनं तर आधी रहस्यकादंबरी लिहिली होती. शिवाय काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर कित्येकांचं एखादं अक्षर बदलतं, कारण बहुतेक माणसं दोन टोकांच्या मध्येच कुठेतरी असतात. आणि नोकरीला माणूस निवडताना ही वापरू नका, असं चाचणीवालेच सांगतात. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्याकडे कौतुकानं पाहत म्हणाले, ‘बघा, किती शंका काढता! पक्के टी आहात, डोक्यानं चालणारे.’ या माणसाशी वाद घालता येत नाही. तुमचा मुद्दा त्यांच्याकडे पोहोचतो, पण मुद्दा म्हणून नाही, लक्षण म्हणून.

वहिनींनी वाद घातला नाही. अमेरिकेत बर्ट्रम फोरर नावाच्या प्राध्यापकानं १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘खास तुमचं’ म्हणून एकच वर्णन दिलं. त्यातली वाक्यं भविष्याच्या एका पुस्तकातून उचललेली होती. विद्यार्थ्यांनी ते वर्णन किती जुळतं याला पाचापैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वहिनींनी तेच केलं. ‘वरून तुम्ही खंबीर दिसता, पण आत घालमेल चालू असते; घरच्यांना तुमची खरी किंमत कळलेली नाही’ अशा थाटाचा एक मजकूर समितीतल्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे पाठवला. सगळ्यांची उत्तरं आली, ‘अगदी मीच.’ सेक्रेटरींचं उत्तर सर्वांत आधी आलं, त्यात शेवटच्या वाक्याखाली रेघ मारली होती. वहिनींनी पुढच्या बैठकीत खुलासा केला तेव्हा ते म्हणाले, ‘म्हणजे आपली समिती किती एकजिनसी आहे पाहा.’

मला विचाराल तर माणसाचा स्वभाव पाहून काम द्यावं, यात वावगं काहीच नाही. आमच्या आजीनं तेच केलं. वाढायला कुणाला उभं करायचं आणि तुपाच्या तांब्याजवळ कुणाला फिरकू द्यायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण ती माणसांना वाढताना बघून ठरवायची. आमचे सेक्रेटरी बघतच नाहीत. त्यांनी तक्ता बघितलेला असतो. आणि तक्त्याची खरी सोय अशी की, नको ते काम दुसऱ्याच्या अंगावर टाकताना ते त्याची स्तुती करून टाकता येतं. ‘हे काम तुम्ही करा’ याला नाही म्हणता येतं. ‘हे तुमच्या स्वभावातच आहे’ याला काय म्हणणार?

लोक त्यावरही उपाय शोधतातच. दुसऱ्या वर्षी ए विंगमध्ये पेपर फुटला. कोणत्या उत्तराला कोणतं काम येतं, याचं टाचण शाळेतल्या मुलांनी तयार केलं आणि ते ‘एकवीस अपेक्षित’सारखं घरोघर गेलं. निकाल आला तेव्हा समितीत झाडून सगळे दूरदृष्टीचे सेनापती. नैवेद्याचं ताट आणायला, पाटाखाली वर्तमानपत्र घालायला, निर्माल्य उचलायला एकही स्वभाव शिल्लक नव्हता. शेवटी बैठकीला न आलेल्यांची यादी काढण्यात आली आणि उत्सव नेहमीसारखा झाला.

एखादा असता तर खचला असता. षोडशोपचारे पुन्हा कार्यशाळेला गेले आणि या खेपेला चार रंग घेऊन आले. या पद्धतीचं नाव ‘डिस्क’. तिचं मूळ विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाच्या १९२८ च्या पुस्तकात आहे. याच गृहस्थानं पुढे १९४१ मध्ये ‘वंडर वुमन’ जन्माला घातली. हे ऐकून ३०२ च्या वहिनी पहिल्यांदाच म्हणाल्या की, हा माणूस बरा दिसतो.

आता चाचणी नाही, म्हणजे पेपर फुटायचा प्रश्न नाही. सेक्रेटरी स्वतः निरीक्षण करतात आणि रात्री दारावर रंगीत ठिपका चिकटवून जातात. डासांच्या फवारणीची नोंद करायला आलेल्या महापालिकेच्या माणसानं लाल ठिपका पाहून एका घरात ‘पेशंट कुठाय?’ म्हणून विचारलं, ती वेगळी गोष्ट. परवा सकाळी माझ्याही दारावर लाल दिसला. लाल म्हणजे निर्णय घेणारा, जबाबदारी पेलणारा. म्हणजेच विसर्जनाची ट्रॉली ठरवणं, पोलीस चौकीत जाणं आणि रात्री एकला ढोलवाल्यांशी पैशांवरून बोलणं. रात्री सगळीकडे सामसूम झाल्यावर मी नखानं तो अलगद सोडवला आणि समोरच्यांच्या दारावर लावायला गेलो. तिथे नेमका त्याच मापाचा गोल, चिकट डाग आधीपासून होता.