चाकांवरचे भाऊजी

विदर्भातल्या बऱ्याच घराण्यांत एक भाऊजी असे असतात की त्यांच्या घरी आधी वस्तू येते आणि मग छंद. पक्षी पाहायचे ठरले की पहिल्यांदा दुर्बीण येते, मग दुर्बिणीचं स्टँड, मग खिसेच खिसे असलेलं जाकीट. पक्षी तेवढे यायचे राहतात. हे भाऊजी बहुधा निवृत्त अभियंते असतात. नागपुरात त्यांचं दुमजली घर असतं, मुलगा अमेरिकेत असतो, आणि त्याच्याकडे एक उन्हाळा काढून आल्यावर आपल्या देशात काय काय नाही याची यादी त्यांना तोंडपाठ झालेली असते.

आमच्या भाऊजींच्या यादीत पहिला नंबर ट्रेलरचा. तिकडे सुट्टी लागली की माणसं गाडीमागे अख्खं घर जोडतात आणि रानात जाऊन राहतात, मग आपण का नाही? ताईचं म्हणणं होतं की आपल्या घरात दोन संडास आहेत, तिसरा चाकांवर कशाला? पण निवृत्तीच्या पैशाला असल्या प्रश्नांचं भय नसतं. राज्य सरकारनं 2021 साली कॅराव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा भाऊजींनी त्याची प्रत छापून, प्लॅस्टिकमध्ये बसवून दिवाणखान्यात ठेवली. पाहुण्याला पाण्याआधी ती मिळे. शेवटी एका कारखान्यातून त्यांनी ट्रेलर बनवून घेतला. त्यात पलंग, ओटा, दोन शेगड्या, सौर पॅनल, बारा व्होल्टची बॅटरी, चांगल्या पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी आणि औषध टाकून वापरायचा तो बंदिस्त संडास. ट्रेलरला इंजिन नसलं तरी कायद्याच्या लेखी ते वेगळं वाहन असतं, त्याची नोंदणी वेगळी होते. याचा भाऊजींना फार अभिमान. दारात गाडी एकच दिसते, कागदावर दोन.

पहिला मुक्काम हिंगणीला ठरला, कारण तिथे आमचं वावर आहे आणि फुकट आहे. दुसरं कारण बोरचं जंगल. 1970 मध्ये अभयारण्य आणि 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेलं हे रान आमच्या गावाच्या उशाशी आहे. गाभा जेमतेम 138 चौरस किलोमीटरचा, म्हणजे व्याघ्र प्रकल्पांत लहानगाच, पण वाघाला क्षेत्रफळ विचारायची सवय नसते. जंगलात ट्रेलर लावू देत नाहीत. सफारीच्या जिप्सीसुद्धा दिवस मावळायच्या आत बाहेर काढतात. बोरधरणाला पर्यटन महामंडळाचं रिसॉर्ट आहे, त्यात चांगल्या पक्क्या खोल्या आहेत. आईनं तेही सुचवून पाहिलं. "पक्क्या खोलीत झोपायचं असतं तर ट्रेलर कशाला घेतला असता?" भाऊजी म्हणाले. यावर आईनं पदर सावरला. जावई बोलला की आमच्याकडे पदर सावरतात, प्रत्युत्तर मागाहून स्वयंपाकघरात दिलं जातं.

डिसेंबरातल्या एका सकाळी लवाजमा नागपुरातून निघाला. पुढे मोटरसायकलवर भाचा, मागे गाडी, गाडीमागे ट्रेलर. भाच्याची योजना विचारपूर्वक होती. इंग्लंडात 1885 साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या डॉक्टरनं हौसेसाठी घोड्यांचं पहिलं फिरतं घर बनवून घेतलं, तेव्हा रस्ता मोकळा आहे का ते पाहायला त्याचा नोकर तीन चाकांच्या सायकलीवर पुढे जात असे. हा इतिहास भाऊजींनी बुटीबोरीपर्यंत ताईला सांगितला. बुटीबोरीच्या पुढे ट्रेलरच मागून हलू लागल्यामुळे इतिहास थांबला.

ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढे जोडावर यावा लागतो. मागे भार जास्त झाला की ट्रेलर शेपटी हलवतो आणि वेग वाढवला की गाडीलाही हलवतो. हा नियम भाऊजींना पाठ होता. मात्र तांदळाचा कट्टा, लोणच्याची बरणी, गव्हाच्या पिठाचा डबा आणि शेवचिवड्याची पिंपं ताईनं मागच्या कप्प्यात रचली होती, कारण पुढच्या कप्प्यात भाऊजींची अवजारं होती. वाटेत केळझर लागतं. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, अशी आमच्याकडची श्रद्धा. म्हणजे गाडाभर अन्न घेऊन भीम बकासुराकडे गेला तो याच भागात. त्याचाही गाडा असाच डुलत गेला असणार, पण भीमानं निदान वाटेतच खाऊन वजन कमी केलं होतं. भाऊजींनी केळझरला गाडी बाजूला घेऊन लोणचं पुढे आणलं. मग सेलूपासून आत वळून लवाजमा हिंगणीत पोचला.

खरं नाटक वावराच्या धुऱ्यावर झालं. ट्रेलर पुढे ओढायला अक्कल लागत नाही. तो मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलरचं ढुंगण उजवीकडे जातं, आणि ट्रेलर जितका आखूड तितका तो लवकर बिनसतो. भाऊजींनी खाली उतरून कोन मोजला, पुन्हा चढले, गाडी मागे घेतली. गाडी पूर्वेला, ट्रेलर दक्षिणेला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. मग ट्रेलर थेट तुरीत. ताई मागे उभी राहून "या, या, या" म्हणत होती आणि प्रत्येक "या" ला तुरीची एक ओळ आडवी होत होती. तोवर धुऱ्यावर निम्मं गाव जमलं. आमच्याकडे न बोलावता येणारी गर्दी सल्ला घेऊनच येते.

"काय करून राह्यले जी?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"पार्किंग," भाऊजी म्हणाले.

"बाप्पा! मले वाटलं वखरून राह्यले."

शेवटी शेजारच्या शेतकऱ्याचा पोरगा पुढे आला. वीस-एकविसाचा, कॉलेज सोडून ट्रॅक्टर धरलेला. कापसाची भरलेली ट्रॉली अंधारात गल्लीतून उलटी घालणारा तो गडी. "भाऊजी, तुम्ही उतरा जरा खाली. ट्रॉलीच तं आहे." ट्रॉली हा शब्द भाऊजींना लागला, पण ते उतरले. पोरानं एका हातानं स्टिअरिंग धरलं, दुसरा हात खिडकीबाहेर सोडला, मान मागे वळवली आणि ट्रेलर कडुनिंबाखाली नेऊन ठेवला. उतरताना गाडीची चावी त्यानं दोन्ही हातांनी परत दिली. जावयाचा मान त्याला माहीत होता.

त्यानंतर भाऊजींचा खरा आनंद सुरू झाला, म्हणजे समतलीकरण. ट्रेलर तिरपा असला की आतलं पाणी वाहत नाही, दार आपोआप उघडतं आणि झोपलेला माणूस घरंगळतो. खिशातून लेव्हल बॉटल निघाली. बुडबुडा मध्यभागी येईपर्यंत जॅक वर-खाली, फळ्या आत-बाहेर, चाकांना दगड. भर दुपारी कपाळावर टॉर्च बांधलेला. आयुष्यभर ज्यानं धरणाच्या भिंती समतल केल्या, तो माणूस तुरीच्या वावरात बुडबुड्याला समजावत होता, आणि खरं सांगतो, इतकं सुखी मी त्यांना मुलाच्या लग्नातही पाहिलं नाही. कॅम्पिंगची गोडी मुक्कामात नसतेच. ती मांडामांडीत असते, आणि हे या जातीच्या सगळ्या भाऊजींना मनातून ठाऊक असतं.

संध्याकाळी गॅस पेटेना. बॅटरीवरचा पंखा मात्र थंडीत झकास चालत होता. आईनं काही न बोलता गोवऱ्या पेटवल्या, निखाऱ्यांत रोडगे दडपले आणि पातेल्यात वांग्याची भाजी चढवली. भाऊजी ट्रेलरच्या ओट्याशी पुस्तिकेचं पान चाळत होते, पण वास नाकात शिरल्यावर पत्रावळ घेऊन सगळ्यांच्या आधी मांडी घालून बसले. तूप ओतून कुस्करलेल्या रोडग्यापुढे पुस्तिका टिकत नाही.

रात्री गप्पा निघाल्या. कोणीतरी सहज म्हणालं की कॅटरिना इकडे येऊन जायची. ताईला वाटलं सिनेमाचं शूटिंग होतं. कॅटरिना ही बोरची गाजलेली वाघीण, हे कळल्यावर तिनं भाऊजींकडे असं पाहिलं की वाघिणीचं काम तिथेच झालं. मग दोघं आत गेली, दाराला कडी, खिडकीला जाळी, जाळीवर पडदा. पाचेक शेतं सोडून जागलीला आलेला शेतकरी मचाणावर घोंगडी पांघरून बसला होता. रानडुकरं हरभऱ्यात शिरू नयेत म्हणून तो अधूनमधून डबा वाजवी. पहिल्या डब्याला ट्रेलरमधले सगळे दिवे लागले, दुसऱ्याला गाडीचा हॉर्न वाजला. हॉर्ननं डुकरं खरंच पळाली, एवढं श्रेय भाऊजींना द्यायला हवं.

शेजारच्या शेतकऱ्याला त्या आठवड्यात रात्रीची वीज होती. मध्यरात्री त्यानं मोटर लावली, ओलिताचं पाणी बांध फोडून आमच्याकडे आलं. काळ्या जमिनीला पाणी आणि वजन एकत्र मिळालं की ती वाद घालत नाही, गिळते. सकाळी बुडबुडा कुठल्या कुठे गेला होता. एक चाक निम्मं आत, आणि समतल संडास डोंगरउताराला. वापरायची वेळ आलीच, तेव्हा भाऊजी डबा घेऊन पळसाआड गेले. या भागात सेवाग्रामला गांधीजींची कुटी आहे, तिच्यात माणसाला लागतं तेवढंच सामान आहे, असं मी म्हणणार होतो. पण डबा हातात असलेल्या माणसाशी तत्त्वज्ञान बोलू नये.

ट्रॅक्टरला दोर बांधून त्याच पोरानं ट्रेलर बाहेर काढला. पैसे घेईना. भाऊजींनी त्याला कपाळावरचा टॉर्च दिला, आता तो जागलीला तोच बांधून जातो. भाऊजींचा पुढचा बेत ताडोब्याचा आहे, आणि ताईनं आपल्यासाठी खोलीचं आरक्षण वेगळं करून ठेवलंय. तुमच्याकडेही असे भाऊजी येणार असतील तर वाघाची चौकशी करत बसू नका. शेजाऱ्याचं ओलित कोणत्या रात्री आहे ते विचारून घ्या, आणि ट्रॅक्टरवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.