फाडफाड ऐका!

मंठ्यातच कशाला, मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडबाहेर एक पाटी हमखास असते : ‘90 दिवसांत फाडफाड इंग्रजी बोला.’ समोरचा काय बोलतोय ते 90 दिवसांत कळायला लागेल, अशी पाटी मात्र कुणी लावत नाही. क्लासवाल्यांचा त्यात काय दोष? बोलण्याला गिऱ्हाईक आहे, ऐकण्याला नाही. गावच्या पारापासून विधानसभेपर्यंत हाच हिशेब चालतो.

गंमत अशी की, कागदावर आपल्या बोर्डाला ऐकणे मान्य आहे. दहावीच्या इंग्रजीला 80 गुणांची कृतिपत्रिका आणि वर शाळेच्या हातातले 20 गुण. त्यात श्रवणाचा वाटा ठेवलेला आहे. आता हा वाटा वाटतात कसा ते बघा. वर्गात साठ पोरे, तास पस्तीस मिनिटांचा. ‘व्हॉट इज युवर नेम? व्हॉट इज युवर फादर?’ उत्तर येईपर्यंत सरांचा पेन अठरावर टेकलेला. पोरगा हुशार असला तर एकोणीस. शिपायाने बोलावून आणलेला असला तर सोळा. त्या तासात श्रवण घडले ते एवढेच, की सरांनी ‘नेक्स्ट’ म्हटलेले पुढच्याला ऐकू आले.

हे गुण आपल्याला किती प्यारे आहेत ते 2019 साली कळले. बोर्डाने त्या वर्षी भाषांचे हे 20 गुण काढून टाकले आणि पूर्ण 100 गुणांची लेखी परीक्षा घेतली. अभ्यासक्रमही नवा होता. आदल्या वर्षी 89.41 टक्के लागलेला दहावीचा निकाल 77.10 वर आला. राज्यभर बोंब उठली. अकरावीच्या रांगेत सीबीएसईची मुले अंतर्गत गुणांच्या जोरावर पुढे जातात, ही तक्रार खोटी नव्हती. पण एवढ्या गदारोळात ‘पोरांना ऐकायला शिकवा’ अशी मागणी कुणी केल्याचे कानावर आले नाही. मागणी एकच : गुण परत द्या. सरकारने ते मात्र लगेच ऐकले. काही महिन्यांत गुण परत आले आणि 2020 चा निकाल 95.30 टक्के लागला. भूगोलाचा पेपर करोनामुळे रद्द होऊन त्याचे सरासरी गुण मिळाले, तोही हातभार होताच. कान होते तिथेच राहिले.

मग एक दिवस हाच पोरगा इंजिनिअर होतो, ही पोरगी नर्स होते, आणि इंग्लंड-कॅनडाचे वेध लागतात. तिकडे जायचे तर आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा. फी सतरा-अठरा हजारांच्या घरात, म्हणजे सोयाबीनची चार-पाच क्विंटल गेली म्हणायची. श्रवणाचा पेपर अर्ध्या तासाचा, चार भाग, 40 प्रश्न आणि नियम एकच : रेकॉर्डिंग एकदाच वाजणार. ‘सर, रिपीट प्लीज’ म्हणायची सोय नाही, कारण समोर सरच नाहीत.

पहिला भाग म्हणे सगळ्यात सोपा. फोनवर कुणीतरी खोली बुक करत असतो. बाई तारीख सांगते, ‘थर्टीन्थ’. आपण लिहून मोकळे. तेवढ्यात ती म्हणते, ‘नो, सॉरी, थर्टीएथ.’ गेला गुण. पुढे फोन नंबर. आपण शून्याला ‘झिरो’ म्हणतो, ती ‘ओह’ म्हणते; आपल्याला वाटते बाईला काहीतरी आठवले. ‘डबल सेव्हन’ म्हटले की आपण एकच सात टाकतो. ‘टिकेट्स’मधला शेवटचा ‘एस’ ती जिभेवर जेमतेम टेकवते. तो निसटला की उत्तर चूक. स्पेलिंग चुकले तरी चूक. ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ असे बजावलेले असताना तीन लिहिले तरी चूक. चौथ्या भागात एखादा प्राध्यापक मधमाश्यांवर नाहीतर जुन्या बंदरांवर सलग बोलत सुटतो, तोही कदाचित ऑस्ट्रेलियन उच्चारात. चाळिसातली तिसेक बरोबर आली तर 7 बँड. दहावीला वीसपैकी एकोणीस घेतलेला पोरगा इथे पहिल्याच पानावर घाम पुसतो.

मग तयारी सुरू होते, तीही आपल्या पद्धतीने. खाली अक्षरे लावून इंग्रजी सिनेमे बघायचे आणि कान तयार होताहेत असे समजायचे. काम करतात डोळे. एकच रेकॉर्डिंग दहादा ऐकायचे आणि दहाव्यांदा सगळे बरोबर आले की मित्रांना चहा पाजायचा. परीक्षा मात्र पहिल्या वेळेची असते.

मंठ्याच्या माणसाचे कान कच्चे आहेत म्हणावे, तर तसेही नाही. मोंढ्यात हर्राशी चालू असताना भाव एकदाच पुकारला जातो. दहा रुपयांचा फरक त्या गलबल्यातही शेतकऱ्याला नेमका ऐकू येतो, कारण माल त्याचा असतो. इंग्रजीच्या तासाला ऐकण्यावाचून कुणाचे काहीच अडत नाही. ऐका, न ऐका, अठरा ठरलेले.

पहिलीपासून इंग्रजी महाराष्ट्राने 2000 साली आणले. पंचवीस वर्षे पोरे इंग्रजी वाचतात, फळ्यावरून उतरवतात, गाईडातून पाठ करतात. ऐकतात कधी? पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने प्राथमिक शाळांसाठी रेडिओवरून इंग्रजीचे पाठ तयार केले होते. वर्गात रेडिओ लावायचा, पोरांनी ऐकायचे आणि तिथल्या तिथे उत्तरे द्यायची. आता तर प्रत्येक मास्तराच्या खिशात मोबाइल आहे. दिवसभर त्यावर ‘शुभ सकाळ’ येते, मग दोन मिनिटांचे इंग्रजी का येऊ नये?

तेव्हा गुरुजी, एवढेच करा. आठवड्यातून एकदा मोबाइलवर दोन मिनिटांचा इंग्रजी संवाद लावा. एकदाच. पाच प्रश्न विचारा, उत्तरे वहीत लिहून घ्या. मग तोच संवाद कागदावर द्या आणि कान नेमका कुठे घसरला ते पोरांनाच शोधू द्या. ज्याला शून्य पडेल त्याला शून्यच द्या. दहावीपर्यंत त्याचे पाच होतील, आणि ते पाच त्याचे स्वतःचे असतील. खर्च शून्य, शासन निर्णयाची गरज नाही. फुकटच्या अठरांची किंमत पुढे पोराच्या बापाला सतरा-अठरा हजारांनी मोजावी लागते, तीही दोन-दोनदा.