मिनेस्त्रोनेवरचा आळ

आपल्याकडच्या हॉटेलात मिनेस्त्रोने मागवलं की टोमॅटोच्या पातळ पाण्यात मॅकरोनीचे चार तुकडे तरंगत येतात. ते आपण पितो. इटलीत हे सूप खायचं असतं. शेंगांचे दाणे, बटाटा, कोबी, गाजर, काही ना काही पाला आणि वर मिलानमध्ये तांदूळ, जिनोआत शेवटी पेस्टो. एवढं पोटात गेल्यावर आपण हात धुऊन आडवे होऊ. त्यांचं मात्र जेवण नुकतं सुरू झालेलं असतं.

अशा भरभक्कम सूपवर एकदा भलताच आळ आला होता. पेल्लेग्रीनो आर्तुझी हे गृहस्थ १८५५ साली समुद्रस्नानासाठी लिव्होर्नोला गेले. खानावळीत मिनेस्त्रोने खाल्लं आणि रात्रभर पोटाने त्यांना उठबस करायला लावली. दर फेरीला त्यांनी त्या सूपचा उद्धार केला. सकाळी पळ काढून फ्लॉरेन्स गाठलं, तर मागून बातमी आली: लिव्होर्नोत कॉलरा, आणि पहिला बळी ते उतरले होते त्या घराचा मालक! सूप निर्दोष सुटलं. पुढे आर्तुझींनी पाकशास्त्रावर पुस्तक लिहिलं, १८९१ साली पदरमोड करून छापलं. त्यात मिनेस्त्रोनेच्या कृतीआधी त्यांनी हा किस्सा सांगितला आहे. भूक लागलेल्या वाचकाला आधी कॉलरा वाढायचा, याला धाडस लागतं.

पण मला आवडते ती त्यांची पुढची मोकळीक. आपल्या गावची चव आणि मिळतील त्या भाज्या पाहून कृतीत खुशाल बदल करा, असं ते सांगतात. म्हणजे मंडईतला घेवडा, लाल भोपळा, रात्री भिजत घातलेला राजमा, सगळ्यांना परवानगी. घाईला मात्र नाही. कांदा, गाजर, सेलरी बारीक चिरून ऑलिव्ह तेलात मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं नुसती मऊ होऊ द्यायची. इथेच आपली परीक्षा. तेल तापलं की हात आपसूक मोहरीकडे जातो. मिसळणाचा डबा त्या दिवशी शेजारी ठेवायला द्यावा; शेजारीण विचारेल, पण ते परवडलं. कुकर फक्त राजम्यापुरता. भाज्यांना शिट्ट्या दिल्या की मिनेस्त्रोनेची पावभाजी होते, मग पाव आणायला कुणीतरी धावतंच. पार्मेझान चीजची कडक कड हाताशी असेल तर ती टाकू नका, उकळताना सोडा. इटालियन घरांतली ही जुनी काटकसर आहे.

सूप रात्री करून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी खा, चव मुरते. पास्ता तेवढा आयत्या वेळी घाला. रात्रभर ठेवलात तर सगळं पाणी तो पिऊन टाकतो आणि सकाळी पातेल्यात खिचडी सापडते.