पिंपपारखी

न्यू जर्सीत गेली तीस वर्षे वास्तव्य करून असलेल्या माझ्या मामेभावाला, म्हणजे दादाला, घरी बिअर करण्याचा छंद आहे असे त्याचे स्नेही सांगतात. परंतु आठ दिवस त्याच्या गॅरेजच्या सहवासात काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, बिअर हे केवळ निमित्त असून दादाची खरी तहान भांड्यांची आहे. मोटार बाहेर बर्फात उभी असते. आत पिंपांचा मुक्काम.

कोणतीही वस्तू आहे त्या अवस्थेत त्याला पाहवत नाही. साडेपंधरा गॅलनांचे एक पोलादी पिंप त्याने भंगारवाल्याकडून पावतीनिशी पैदा केले (पावतीनिशी अशासाठी की, असली पिंपे कारखानदारांच्या मालकीची असतात आणि दुकानातली अनामत सोडून दिल्याने मालकी बदलत नाही, हे त्याने मला दोनदा समजावले), त्यातला दाब सोडला, माथा कापला, बुडाशी तोटी बसवली आणि त्याचे पातेले केले. बांधकामावरच्या मजुरांना गार पाणी पाजणारे नारिंगी पिंप आता मोड आणून वाळवलेले, भरडलेले जव ६७ अंशांवर तासभर उबेत राखण्याच्या कामावर रुजू झाले आहे. आणि त्याच्या तळाशी चोथा अडवणारी जी जाळी आहे, ती मूळची शौचकूपाच्या टाकीला पाणी पुरवणाऱ्या नळीवरचे पोलादी विणकाम होय. नळी कोरी होती. मी विचारून घेतले.

उकळता रस झटपट निववणारे तांब्याच्या नळीचे वेटोळे पाहून माझ्या तोंडून ‘भट्टी’ हा शब्द निसटला, तेव्हा मात्र दादा दुखावला. “गाळत नाही रे, आंबवतो!” गाळणे हा तिथे गुन्हा; आंबवण्याची मुभा अध्यक्ष कार्टर यांनी १९७८ साली सही केलेल्या कायद्याने मिळाली, एकट्या प्रौढास सालिना १०० गॅलन आणि घरात दोन प्रौढ असल्यास २००. वहिनी थेंबाला शिवत नाहीत. “तिचे शंभर माझ्या वहिवाटीला आहेत,” दादा म्हणाला.

वहिनींची तक्रार निराळीच. “भाऊजी, मी इडलीचं पीठ ओव्हनमधला नुसता दिवा लावून फुगवते. ह्यांना त्याच कामाला अख्खा फ्रिज लागतो, आणि वर त्याला तापमान सांगणारा डबा!” त्यावर, आपल्या यीस्टला १८ ते २० अंशच मानवतात, असा खुलासा दादाने तिकडे पाठ करून, एका पिंपावर टिचकी मारून तिचा नाद ऐकत केला.

शेवटच्या संध्याकाळी त्याने माझ्यापुढे बिअर ठेवली ती दुकानातली. पातेल्याची तोटी बदलायला काढली होती. मी चवीविषयी दोन शब्द बोलू लागलो, पण दादाचे लक्ष बाटलीच्या गळ्याकडे होते. फिरकीच्या झाकणाची नव्हे, पुन्हा बूच ठोकता येईल अशी होती. लेबल भिजत घालायला पाण्याची बादली त्याने केव्हाच भरून ठेवली होती, आणि मी फार सावकाश पीत होतो.