बातमीचं गाळप

साखर कारखान्यात उसाचं काही वाया जात नाही, हे पुणे जिल्ह्यातल्या पाटसच्या माणसाला शिकवावं लागत नाही. भीमा कारखाना आमच्या दारात आहे. रसाची साखर होते, मळीचा मद्यार्क होतो, चिपाडावर वीज होते आणि उरलेल्या गाळाचं खत होतं. मोठ्या माध्यमसमूहांनी हे गणित आमच्याकडूनच उचललं असावं, असा माझा दाट संशय आहे.

सुरुवात अशी नव्हती. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या नानासाहेब परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात ‘सकाळ’ काढला आणि गावोगावी बातमीदार उभे केले. गावातही बातमी असते, हा शोध तेव्हा नवा होता. पुढे त्याच घरात २००५ मध्ये शेतीला वाहिलेलं ‘अ‍ॅग्रोवन’ आलं, २००८ मध्ये ‘साम’ वाहिनी आली, संकेतस्थळ आलं, पुस्तकं आली. ‘लोकमत’चं नाव लावलेली वाहिनीही २००८ चीच. ‘पुढारी’ही अलीकडे पडद्यावर आला. खालची गोष्ट मात्र यांपैकी कोणाचीही नाही, ती एका काल्पनिक समूहाची आहे. खाई त्याला खवखवे.

बातमी साधी होती. पाटसच्या शिवारात रात्री दोन वाजता उसाला पाणी द्यायला गेलेल्या शेतकऱ्याला बिबट्या दिसला. गावच्या वार्ताहराने दोन परिच्छेद लिहिले. दुसऱ्यात एकच वाक्य होतं: थ्री फेज वीज रात्रीची येते, ती दिवसा द्या, म्हणजे माणसाची आणि बिबट्याची गाठ पडणार नाही.

दैनिकात दुसरा परिच्छेद कापला गेला. रात्री साडेनऊला स्थानिक पुढारी आबांच्या वाढदिवसाची जाहिरात आली, आणि आबांचा गॉगल लहान करता येत नव्हता.

संकेतस्थळावर पहिला परिच्छेदही कापला गेला. मथळा आला: ‘रात्री दोनला उसात ‘तो’ काय करत होता? पाहा व्हिडिओ.’ पाटसच्या बिबट्याने व्हिडिओ दिला नव्हता, म्हणून दुसऱ्या कुठल्या तरी राज्यातला बिबट्या लावला. तो उसात नव्हता, चहाच्या मळ्यात होता. पण बघणाऱ्यांपैकी कोणाची तक्रार आली नाही. खाली आणखी एक दुवा होता, ‘या चार राशींचे लोक बिबट्याला घाबरत नाहीत.’ आमच्या शेजारच्या काकूंनी तो उघडला. काका त्या चारांत नाहीत, हे घरात सर्वांना आधीच ठाऊक होतं.

वाहिनीची गाडी टोलनाका ओलांडून आली ती सकाळी अकराला. रखरखीत उन्हात उसाला पाठ लावून पत्रकार बूम धरून कुजबुजत होता, ‘आम्ही आत्ता अत्यंत धोकादायक ठिकाणी उभे आहोत.’ मागे दोन बायका खुरपत होत्या. त्यातल्या एकीने हात थांबवून विचारलं, ‘काय हरवलंय का हो दादा?’ संध्याकाळी स्टुडिओत चर्चा झाली: बिबटे नेमके कोणाच्या सरकारच्या काळात वाढले? दोन पक्षांचे चार प्रवक्ते होते, दोन गटांत फुटलेल्या पक्षांचे प्रत्येकी दोन धरून. शेतकऱ्याला फोनवर घेतलं. तो म्हणाला, ‘साहेब, ते लाइटीचं...’ आणि ब्रेक झाला. ब्रेकमध्ये इन्व्हर्टरची जाहिरात होती.

मग प्रकाशन विभागाने पुस्तक काढलं. कार्यक्रम विभागाने पुण्याच्या पंचतारांकित हॉटेलात मानव-बिबट्या सहजीवनावर परिषद भरवली. बिबट्याच्या बाजूने बोलणारे पुष्कळ होते.

या सगळ्या गाळपात ऊस कोणाचा? वार्ताहराचा. खऱ्या उसाला निदान एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर आहे. १४ दिवसांत पैसे द्या, असा नियम आहे. तो किती पाळला जातो हे इथे मोठ्याने बोलायचं नसतं, पण मोर्चा काढायला नियम तरी आहे. पत्रकारांच्या वेतनासाठी मजिठिया वेतन मंडळ झालं, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्याच्या शिफारशी वैध ठरवल्या. त्या शिफारशी पुण्याहून निघाल्या असतील, तर अजून पाटसच्या टोलनाक्यावर रांगेत असाव्यात. आमच्या वार्ताहराला पगार नाही. त्याला ओळखपत्र आहे, दिवाळी अंकाच्या जाहिरातींचं टार्गेट आहे आणि जमवलेल्या जाहिरातींवर कमिशन आहे. म्हणजे ज्या सरपंचाविरुद्ध सोमवारी लिहायचं, त्याच्याचकडे मंगळवारी अर्ध्या पानासाठी जायचं. त्यामुळे तो सोमवारीच विचार करतो.

जाहिरात आणि बातमी यांतली भिंत पाडण्याचं श्रेय मात्र खेड्याला देऊ नये. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एका मोठ्या नेत्याची तीच स्तुती प्रतिस्पर्धी मराठी दैनिकांत शब्दन् शब्द छापून आली, हे पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त दाखवून दिलं होतं. खपासाठी एकमेकांच्या उरावर बसणाऱ्यांचं स्वल्पविरामापर्यंत एकमत! मराठी माणसांत एकी नाही म्हणणाऱ्यांनी ते अंक जपून ठेवायला हवे होते.

राहता राहिलं ते कापलेलं वाक्य. ते शेवटी छापून आलं, तेही पहिल्या पानावर, रंगीत. ‘शेतकऱ्यांना दिवसा थ्री फेज वीज मिळवून देणारे कार्यसम्राट भाऊ यांना वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा! शुभेच्छुक: समस्त ग्रामस्थ, पाटस.’ मजकूर वार्ताहरानेच लिहून दिला होता. आपलं वाक्य छापून आणायचा दुसरा मार्ग त्याला उरला नव्हता. संपादकीय विभागाने या वेळी एक अक्षरही कापलं नाही.

वीज अजून रात्रीच येते. भाऊंनी जाहिरातीचे पैसे दिलेले नाहीत. ते वार्ताहराच्या कमिशनमधून वळते करून घेत असल्याचं कार्यालयाचं पत्र मात्र वेळेवर आलं.